यंदाही मी इथेच राहते आहे

धारणी, 20 जून

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी या वर्षी भरलेला नाही. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला मी चारच दिवस राहू शकले, हे मनातून जात नाही, आणि तरीही हा निर्णय मी घेतला आहे. रागावू नका.

आमच्या शाळेचा पट 41, म्हणून दोनच शिक्षक. जुने सर बदलून गेले. नवे सर अगदी मनापासून काम करणारे आहेत, पण त्यांना कोरकू येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे कसलेच नाते नाही. त्यामुळे पहिलीत येणाऱ्या मुलाला आपले बोलणे पहिले काही महिने नुसता आवाज वाटतो. गेल्या वर्षी एक मुलगी दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हती. एके दिवशी पुस्तकातल्या मडक्यावर बोट ठेवून ती हळूच ‘डा’ म्हणाली. मी फळ्यावर ‘डा’ आणि ‘पाणी’ शेजारी शेजारी लिहिले, तर तिने खडू मागून घेतला. ती आता दुसरीत आली आहे आणि तिचा धाकटा भाऊ पहिलीत येतो आहे. बाबा, अशा वेळी तुम्हीसुद्धा शाळा सोडली नसती.

इथे विदर्भात उन्हामुळे शाळा तिकडच्यापेक्षा उशिरा उघडते, म्हणून आठवडाभर आम्ही पाड्यावर घरोघर फिरलो. टाटपट्ट्या धुतल्या, फळा काळा केला, पुस्तकांचे गठ्ठे सोडले. प्रवेशोत्सवाला पहिलीच्या मुलांची पावले कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर ठसे घ्यायचे आहेत. काल रात्री पुस्तकांना कव्हरे घालताना खळीचा वास आला आणि आपले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहिले: आई खळ शिजवते आहे, बाबा खाकी कागद दुमडत आहेत आणि मी बोटाने खळ चाटून मार खाते आहे. दहा वर्षे झाली नोकरीला, तरी शाळा उघडायच्या आदल्या रात्री मला अजून झोप येत नाही.

माझी काळजी करू नका. खोली पक्की आहे, पत्रे नवे घातले आहेत, हातपंप दाराशी आहे, मच्छरदाणी रोज लावते. गॅसचे सिलिंडर भरलेले आहे आणि आईची शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी उरली आहे. फोनला रेंज टेकडीवर मिळते, तेव्हा रोज सातला फोन करीन. एखाद्या दिवशी पावसामुळे नाही लागला तर घाबरून जाऊ नका.

आता माझे ऐका. आई, वरच्या फळीवरचे डबे स्टुलावर चढून काढायचे नाहीत. सगळे खाली ओट्यावर मांडून घे. व्यायाम दुखले तरी दोन वेळा झालाच पाहिजे. बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून चुकवू नका. दिवाळीच्या सुट्टीत मी पूर्ण तीन आठवडे येणार आहे, तिकीटही काढून ठेवते.

डोळ्यांच्या तपासणीची तारीख 27 आहे. रिक्षावाल्या काकांशी मी बोलले आहे, ते दहाला येतील. जिना उतरताना दिवा लावा आणि आईचा हात धरा.

तुमची,
सोनू