सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी अभ्यासक्रम वाचावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाला किंवा मुलीला परदेशात आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स (आकडेवारीतून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र) शिकायला पाठवण्याचा निर्णय आता कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या डॉक्टर-वकिलांच्या घरांपुरता राहिलेला नाही. शिरोळ-कागलच्या ऊस उत्पादक कुटुंबांत, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांच्या आणि हुपरीच्या चांदी कारागिरांच्या घरांतही तो घेतला जात आहे, आणि संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला याचा मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती निर्णयाच्या पद्धतीची. कोणता देश, किती फी, व्हिसा मिळेल का, नातेवाईक कोण आहेत, हे सारे विचारले जाते. परंतु त्या पदवीत नेमके काय शिकवणार आहेत, हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी क्वचितच कोणी विचारतो. मुलगी असेल तर वसतिगृहाची चौकशी होते, मुलगा असेल तर नोकरीची. अभ्यासक्रमाची चौकशी मात्र दोघांच्याही बाबतीत राहून जाते.

‘डेटा सायन्स’ या एका नावाखाली जगभर अगदी वेगवेगळ्या पदव्या दिल्या जातात. एखाद्या विद्यापीठात ती गणित व संख्याशास्त्र विभागाची असते आणि तिथे संभाव्यता, रेषीय बीजगणित, ऑप्टिमायझेशन (सर्वोत्तम उत्तर शोधण्याचे गणित) आणि अनुमानशास्त्र हाच पाया मानला जातो. दुसरीकडे ती संगणकशास्त्राची असते. तर तिसरीकडे व्यवस्थापन शाखा ती चालवते आणि वर्षाचा बराचसा भाग तयार सॉफ्टवेअरवर आलेख व डॅशबोर्ड बनवण्यात जातो. यांपैकी कोणतीच पदवी खोटी नाही, पण ज्याला मशीन लर्निंगमध्ये, म्हणजे संगणकाला आकडेवारीवरून शिकवण्याच्या तंत्रात, संशोधन करायचे आहे त्याने तिसऱ्या प्रकारात प्रवेश घेतला, तर तो निष्कारण पैसे घालवून बसेल. ब्रिटनचे उदाहरण घ्या. तिथल्या सरकारने २०२० पासून आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्समधील ‘कन्व्हर्जन’ अभ्यासक्रमांना आर्थिक पाठबळ दिले. इतिहास, जीवशास्त्र, अर्थशास्त्र अशा अन्य शाखांच्या पदवीधरांना या क्षेत्रात आणणे हा त्यांचा उद्देश आहे आणि तो स्तुत्य आहे. पण आपल्याकडे चार वर्षे संगणक अभियांत्रिकी शिकलेला मुलगा अशा अभ्यासक्रमात गेला, तर पायथॉन या संगणकीय भाषेची ओळख आणि डेटाबेसची मूलतत्त्वे तो पुन्हा एकदा, आणि या वेळी पौंडांत फी भरून, शिकतो. हे कळण्यासाठी परदेशी प्रवेशाच्या कोणा सल्लागाराची गरज नाही. प्रत्येक विद्यापीठ आपल्या संकेतस्थळावर विषयवार यादी देते. ती छापून घ्यावी आणि मुलाच्या पदवीच्या गुणपत्रकाशेजारी ठेवून वाचावी.

ब्रिटनमधील एका वर्षाच्या मास्टर्सची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, रचनाही समजून घ्यायला हवी. ती १८० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असते आणि त्यातील साधारण ६० क्रेडिट उन्हाळ्यातल्या प्रबंधाची, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातले शिक्षण सप्टेंबर अखेरीस सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत आटोपते. पदवीधरांची भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे अर्ज मात्र शरद ऋतूतच, आपला विद्यार्थी तिथे पोचून खोली शोधत असतानाच, सुरू होतात. ज्याचे गणित आणि प्रोग्रॅमिंग घरून निघतानाच पक्के आहे तोच या वेळापत्रकात टिकतो. तिथे जाऊन पाया घालू म्हणणाऱ्याला पाया घालण्याइतका अवधीच मिळत नाही. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदतही आता कमी होत असून, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्स पदवीधरांना १८ महिनेच मिळणार आहेत.

गणिताचा आग्रह मी सवयीने धरते असे कोणी म्हणेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आज चॅटजीपीटीसारख्या ज्या भाषा-प्रारूपांचा सर्वत्र बोलबाला आहे, ती मजकुरातला पुढचा शब्द कोणता येईल याच्या संभाव्यतेचा अंदाज बांधतात, आणि दिलेला मजकूर जास्तीत जास्त संभाव्य ठरेल अशा रीतीने त्यांतील अब्जावधी सहगुणक जुळवले जातात. संख्याशास्त्राचा विद्यार्थी हे तत्त्व मॅक्सिमम लाइकलीहूड या नावाने ओळखतो. याच विषयावर १९४८ मध्ये महत्त्वाचा शोधनिबंध लिहिणारे डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ मध्ये कोल्हापुरात जन्मले. ते केंब्रिजला गेले, तिथले गणिती व संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले, परत येऊन पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि १९७४ मध्ये ते पद्मभूषणने सन्मानित झाले. डॉ. जयंत नारळीकरांचे ते मामा, आणि नारळीकरांचाही जन्म कोल्हापूरचाच. या गावातून केंब्रिजला जाण्याची वाट जुनी आहे. मात्र त्या वाटेने गेलेली ही माणसे विषयात मुरून मग बोटीत बसली होती.

आपली तयारी किती आहे हे तपासण्याचे एक साधन आज प्रत्येकाच्या हाताशी आहे. २०२४ पासून ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे. संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलन व ऑप्टिमायझेशन, प्रोग्रॅमिंग व डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, मशीन लर्निंग आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा त्याचा अभ्यासक्रम आहे आणि झालेल्या प्रश्नपत्रिका विनामूल्य पाहता येतात. मुलाने गेट द्यावीच असे नाही, पण घरी बसून वेळ लावून एक प्रश्नपत्रिका प्रामाणिकपणे सोडवावी. निम्मे प्रश्नही कळले नाहीत, तर ते वर्ष एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे मोफत अभ्यासक्रम करण्यात घालवावे आणि पुढच्या वर्षी अर्ज करावा. वर्ष वाया जाईल ही भीती मी समजू शकते, विशेषतः मुलींच्या घरी ती अधिक असते आणि तिच्यामागे लग्नाचा विचार असतो हेही मला ठाऊक आहे. तरीही अपुऱ्या तयारीनिशी कर्ज काढून जाण्यापेक्षा एक वर्ष थांबणे मुलीच्याही हिताचेच आहे, असे मी तिच्या आईवडिलांना निःसंकोच सांगते.

आता सल्लागारांविषयी. त्यांच्यात प्रामाणिक माणसे आहेत, अर्ज आणि कागदपत्रांच्या कामात त्यांची मदतही होते. परंतु ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे आणि महाविद्यालये प्रवेशामागे त्यांना कमिशन देतात, आणि म्हणूनच सल्ला ‘मोफत’ असतो, ही गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. जिथून कमिशन मिळत नाही ते विद्यापीठ अशा यादीत सहसा येत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिकवणी शुल्क नाही, केवळ दर सत्राची वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून शुल्क सुरू केले, असे काही अपवाद आहेत. तिथे खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) आधी ठेवावे लागतात आणि भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रवेशाच्या वेळी गणित आणि संगणकशास्त्राचे किती क्रेडिट झाले आहेत याची छाननी अतिशय काटेकोर असते, आणि नोकरी हवी तर जर्मन भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नाही. वाट कष्टाची आहे, पण तिच्यात जमीन गहाण पडत नाही. आपल्याकडच्या शिक्षण मेळाव्यांत मात्र तिची माहिती देणारे टेबल मला क्वचितच दिसते.

‘अर्धवेळ काम करून खर्च भागतो’ हे वाक्य तर पालकांना इतक्या वेळा ऐकवले जाते की ते गृहीतच धरले जाते. आकडे मांडून पाहू. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले २१ वर्षे व त्यावरील कामगारांचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. त्या दराने सगळे तास मिळाले, एकही पाळी चुकली नाही, तरी महिन्याला सुमारे १,०५८ पौंड होतात. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला १,१७१ पौंड लागतात असे त्या सरकारचा व्हिसासाठीचा नियमच नोव्हेंबर २०२५ पासून धरतो. म्हणजे पूर्ण क्षमतेने काम करूनही राहण्या-जेवणाचा खर्चच निघत नाही. फीचा तर प्रश्नच येत नाही. आणि हे २० तास जातात ते मशीन लर्निंगच्या असाइनमेंटच्या वेळेतून. अमेरिकेत तर परवानगीशिवाय विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम केल्यास विद्यार्थ्याचा दर्जाच धोक्यात येतो.

अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. तिथे पदवीनंतर १२ महिने कामाची मुभा असते आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातील पदवीला आणखी २४ महिने मिळतात; मात्र ही वाढ पदवीच्या नावावर नसून आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर लिहिलेल्या अभ्यासक्रमाच्या संकेतांकावर ठरते. व्यवस्थापन शाखेतील अॅनालिटिक्सची पदवी त्या गटात आहे की नाही, हे प्रवेश घेण्याआधीच लेखी विचारून घ्यावे. त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा वर्षाला ८५,००० जणांपुरता मर्यादित असून त्यात निवडीचे दैवही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. असे नियम शिक्षण चालू असतानाच बदलतात, म्हणून ‘तिकडेच नोकरी लागेल’ हे गृहीत धरून कर्जाचा हिशेब करू नये.

तो हिशेब कसा करावा, याचे एक उदाहरण देते. ११ टक्के दराने २५ लाखांचे कर्ज एकरकमी घेतले, अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष हप्ता भरला नाही, तर सरळव्याजानेही साडेपाच लाखांची भर पडते. साडेतीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ४२ हजार रुपये येतो. मुलाला परत यावे लागले आणि पुण्यात नोकरी धरावी लागली, तर हा हप्ता झेपेल का? झेपणार नसेल, तर रक्कम कमी करावी, देश बदलावा किंवा शिष्यवृत्तीची वाट पाहावी. सातबाऱ्यावर चढलेला बोजा बँक मुलाच्या गुणपत्रकाकडे पाहून उतरवत नाही.

शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे असावे अशी अट असते. त्यामुळे सल्लागाराच्या यादीतले सहज प्रवेश देणारे विद्यापीठ निवडले की पात्र विद्यार्थ्याचाही या मदतीवरचा हक्क जातो, आणि हे अनेकांना पैसे भरून झाल्यावर समजते. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली, आणि १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांना अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला जाताना मदत केली, त्या शहरात खेड्यातून आलेल्या मुलाला ही माहिती कमिशनवर चालणाऱ्या कार्यालयातच शोधावी लागावी, याचे मला फार दुःख होते.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत शिवाजी विद्यापीठाला माझी विनंती आहे की संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र अधिविभागांनी मिळून, सारथीच्या कोल्हापूर उपकेंद्राला सोबत घेऊन, परदेशी शिक्षणासाठी एक विनामूल्य मार्गदर्शन कक्ष सुरू करावा. तिथे अभ्यासक्रम वाचून दाखवणारा एक प्राध्यापक, कर्जाचा हिशेब मांडून देणारा एक निवृत्त बँक अधिकारी आणि नुकताच शिकून आलेला एखादा माजी विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस बसला तरी पुरे आहे. माझ्यासारखे अनेक निवृत्त शिक्षक या कामाला विनामोबदला वेळ देतील. मी स्वतः देईन. कक्षाने आणखी एक गोष्ट करावी: जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या भागाची आकडेवारी सोबत द्यावी. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका दाखवते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर त्या नोंदींवर काम करणारा प्रबंध मँचेस्टरमध्ये लिहिला गेला तरी तो शिरोळच्या उपयोगी पडेल.

अमेरिकेतील बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि जर्मनीच्या एपीएस प्रमाणपत्राला आधी अवधी द्यावा लागतो. त्यामुळे हा कक्ष जुलैअखेरपर्यंत सुरू झाला, तरच पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना त्याचा लाभ मिळेल.

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
राजारामपुरी, कोल्हापूर