डिकीतली बाटली सापडते, पोटातली सुटते

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी सावंतवाडी तालुक्यातला निवृत्त एसटी चालक. तक्रार आहे ती जत्रेच्या रात्रींची.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतली तीन पोरं एकाच मोटारसायकलवरून जत्रेला गेली. वाटेत सीमेपलीकडे जाऊन आली. इकडे बियरला २१ आणि दारूला २५ वर्षं पुरी लागतात, तिकडे गोव्यात १८ पुरतात. शिवाय स्वस्त. येताना नाक्यावर त्यांची सॅक उघडून बघितली. बाटली नव्हती, सोडून दिलं. तोंडाचा वास कोणी घेतला नाही. पहाटे दशावतार संपायच्या आत ती परत निघाली, आणि वळणावर बसलेली गुरं चालवणाऱ्याला दिसलीच नाहीत. मागे बसलेल्याला गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवावं लागलं. आमच्याकडे डोक्याला मार लागला की बांबोळीच आठवते, आणि ती परराज्यात. तो आज काठी घेऊन चालतो.

चालवणारा निघताना म्हणाला होता, ‘माका चढलीच नाय.’ खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. दारू पहिल्यांदा अंदाजच बिघडवते, मग स्वतःचा अंदाज घ्यायचा कशाने? सोलकढी प्यायली की उतरते असं सांगणारे जाणतेही आमच्यात आहेत. यकृत आपल्या चालीनेच काम करतं, त्याला सोलकढीची घाई कळत नाही.

कायदा आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण हे मोजायचं यंत्र दिसतं ते थर्टी फर्स्टला, हमरस्त्यावर. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा सुरू होतात, तेव्हा आतल्या रस्त्यांवर ते कोणी पाहिलेलं नाही. नाकाबंदी पोलिसांची, बाटल्या उत्पादन शुल्कवाल्यांच्या, हे मला ठाऊक आहे. पण आरटीओचं वायुवेग पथक, म्हणजे रस्त्यावर फिरून गाड्या तपासणारं पथक, तुमचं आहे. ते त्या रात्री आतल्या रस्त्यांवर पाठवा.

आणि एसटीही तुमचीच. पोरांना आम्ही ‘गाडी घेऊन जाऊ नको’ म्हणतो, तेव्हा ती विचारतात, ‘मग येऊ कसो?’ याला माझ्याकडे उत्तर नसतं, आणि मी जन्मभर एसटी चालवली! आमच्या गावाची शेवटची गाडी संध्याकाळीच वस्तीला येते. आंगणेवाडीच्या मोठ्या जत्रेला जादा गाड्या सुटतात. तशी धाकट्या जत्रांना रात्री एक जाणारी आणि नाटक संपल्यावर पहाटे एक परतणारी गाडी द्या. जत्रेच्या तारखा देवस्थानं आधीच ठरवतात, त्या आगाराला कळवायचं काम आमची ग्रामपंचायत करेल. पहिल्या वर्षी गाडी अर्धी रिकामी धावेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तेवढ्यावरून ती बंद करू नका.

आपला,
एक निवृत्त चालक