कपडे नकोत, फाईल पुरी करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हरिकेनग्रस्तांसाठी तिथल्या मराठी मंडळींनी जमवलेल्या कपड्यांचं छायाचित्र पाहिलं. खोक्यांमागे उभी असलेली माणसं भल्या मनाची आहेत, यात शंका नाही. पण मी बरीच वर्षं ह्यूस्टनला राहते आणि अशी खोकी पुढे कुठे जातात हे पाहत आले आहे, म्हणून हे पत्र. इथे वादळानंतर कपड्यांची वानवा नसते. वानवा असते ती सरकारी पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवणाऱ्याची, आणि सहा महिन्यांनी ‘कुठवर आलं काम?’ म्हणून दार वाजवणाऱ्याची.

माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे मला कागदाचं जरा अधिकच कौतुक आहे असं आमच्या घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

आधी कपड्यांचं. १९९८ साली मिच या हरिकेननं मध्य अमेरिकेत, मुख्यतः होन्डुरास आणि निकाराग्वा या देशांत, अकरा हजारांहून जास्त माणसं मारली. तेव्हा होन्डुरासमध्ये औषधपाण्याचं विमान उतरवायची पंचाईत झाली, कारण धावपट्टीवर दान आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. गरम, दमट देशात लोकरी कोट! न मागता आलेली प्रत्येक वस्तू कुणाला तरी उतरवावी लागते, निवडावी लागते, ठेवायला कोरडी जागा लागते. आणि वादळानंतर कोरडी जागा हीच सगळ्यात दुर्मीळ गोष्ट असते. रोख रकमेला गोदाम लागत नाही. शिवाय तिथलं एखादं दुकान पुन्हा उघडलेलं असेल, तर त्याच्या गल्ल्यातही चार पैसे पडतात.

हार्वे हे हरिकेन २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ आदळलं तेव्हा पाचांपैकी चौथ्या श्रेणीचं होतं. ह्यूस्टनला मात्र वाऱ्यानं नाही, पावसानं बुडवलं. वादळ पुढे सरकेचना. टेक्सासातल्याच नेडरलँड गावात एकूण ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला. आमच्या पश्चिम भागात अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही पूरनियंत्रणाची दोन धरणं आहेत, १९४० च्या दशकात बांधलेली. एरवी कोरडी असतात, त्यांच्या पोटात लोक सायकली चालवतात. कडेला जलाशयाच्याच हद्दीत पुढे वसाहती उठल्या आणि घर घेणाऱ्या कितीतरी लोकांना आपण धरणाच्या पाण्याच्या जागेत राहतो याचा पत्ताच नव्हता. काही घरं धरणामागे पाणी फुगून बुडाली, काही दरवाजे उघडल्यावर खाली बफेलो बायू या संथ नदीच्या काठी बुडाली. आमचं घर वाचलं; रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी शिरलं.

पहिल्या आठवड्यात माणसांचा पूर असतो, हे मी कौतुकानं सांगते. कुणी होडी घेऊन येतो, कुणी ट्रक. त्या गर्दीतही एक गोष्ट खटकली. भिजलेलं घर उपसायला आलेली उत्साही मुलं तासाभरात सोफा, गाद्या, फ्रिज सगळं रस्त्याच्या कडेला नेऊन टाकत. फोटो कुणी काढलेला नसे. विमा कंपनीचा माणूस पुढे विचारतो, पाणी किती चढलं होतं? तेव्हा दाखवायला भिंतच उरलेली नसते. म्हणून मी शेजारच्या पोरांना सांगत सुटले: आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशी मोजपट्टी धरून फोटो, मग फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मॉडेल आणि सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो, गालिच्याचा तुकडा कापून पिशवीत, आणि त्यानंतर खुशाल हातोडा. इथल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर शीटरॉकचे, म्हणजे जिप्समचे, तक्ते ठोकून केलेल्या असतात. पाणी फूटभर चढलं तरी तक्ता चार फुटांवर कापतात, कारण तो चार फूट रुंदीचा येतो आणि नवा आडवा लावला की बरोबर बसतो. भिंतीच्या आत उष्णता अडवायला भरलेला कापूस पिळला तर पाणी निघतं. बुरशी एक-दोन दिवसांतच धरते. पण लाकूड पुरतं वाळायला आठवडे जातात आणि ओलावा मोजायच्या यंत्रानं हिरवा कंदील दिल्याशिवाय भिंत बंद करायची नसते. हे धीरानं सांगणारा माणूस हवा असतो. घाईनं भिंत बंद केलेल्या घरात पुढच्या उन्हाळ्यात वास सुटतो तेव्हा मदतीला आलेला ट्रक कधीच निघून गेलेला असतो.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही स्वयंसेवकांनी अर्ज भरून द्यायचं टेबल मांडलं होतं, तिथे मी बसू लागले. एक वयस्कर बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, एकमेकांना चिकटलेले, वाळून पापडासारखे झालेले. सगळ्यात वर फेमाचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती मदत संस्थेचं पत्र. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तुम्ही मदतीस अपात्र आहात. त्यांनी तेवढंच वाचून घडी घालून ठेवलं होतं. नकाराचं कारण पुढच्या ओळींत होतं: तुमच्याकडे घराचा विमा आहे. विमा खरोखर होता, पण साधा घरमालकाचा. त्यात आग धरतात, चोरी धरतात, पुराचं पाणी धरत नाहीत. म्हणजे हवं होतं ते एवढंच, की विमा कंपनीनं ‘पुराची भरपाई आमच्या पॉलिसीत बसत नाही’ असं लेखी द्यायचं आणि तो नकार सरकारला पाठवायचा. मदत मिळवायला आधी नकार मिळवा! बाईंना हे पटायलाच वेळ लागला. कंपनीला फोन लावला, ताटकळत बसलो, पत्र मागवलं. अपिलाला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस असतात. त्यांचे थोडेच उरले होते. प्रत्येक पानावर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि हार्वेचा ४३३२ हा आपत्ती क्रमांक लिहिला, कारण फॅक्समधून एखादं पान सुटं झालं तरी ते कुणाचं हे कळायला हवं. काही आठवड्यांनी पैसे आले. त्यात अख्खं घर उभं राहणार नव्हतं, पण विजेचं वायरिंग झालं आणि बाई पुतणीच्या घरातून परत आल्या. त्या साली फेमाची एका कुटुंबाला मिळणारी कमाल मदतच ३३,३०० डॉलर होती आणि बहुतेकांना तिच्या आसपासही काही मिळत नाही.

‘अपात्र’ या शब्दाला घाबरून किती जणांनी पत्र फेकून दिलं असेल, हा विचार मला अजून सतावतो. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की एक कागद कमी आहे.

दुसरी अडचण मालकीची, आणि ती आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आणि घरात राहतंय तिसऱ्या पिढीतलं कुणी, तसंच चित्र लुईझियानात, टेक्सासात आणि पोर्तो रिको या अमेरिकेच्या बेटावर दिसतं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हे हरिकेन पोर्तो रिकोवर आलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना मालकीचा कागद दाखवता आला नाही आणि अर्ज फेटाळले गेले. फेमानं २०२१ च्या सप्टेंबरात नियम सैल केले. वारसाहक्कानं आलेल्या घराला शेवटचा उपाय म्हणून स्वतःचं प्रतिज्ञापत्रही आता चालतं. पण नियम बदलला हे ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत तो कोण पोचवणार?

आणि कागद पूर्ण असला तरी सूत्र चुकीचं असू शकतं. कॅटरिना या हरिकेननंतर लुईझियानात ‘रोड होम’ योजनेत घरदुरुस्तीचं अनुदान दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळाआधीची बाजारकिंमत, या दोहोंत जी रक्कम कमी असेल तिच्यावर ठरायचं. सुताराची मजुरी दोन्ही वस्त्यांत सारखी, लाकडाचा भाव सारखा, पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराची किंमत आधीच कमी, म्हणून अनुदान कमी. खटला झाला, २०११ साली तडजोड झाली. वादळ होतं २००५ चं. हिशेबनीस म्हणून सांगते, सूत्रातला हा एक शब्द, ‘कमी असेल ती’, कित्येक कुटुंबांना परत येऊ देत नाही.

आता एक गोष्ट, जी इथल्याही फार थोड्यांना ठाऊक असते. मोठ्या आपत्तीत सार्वजनिक कामांचा साधारण ७५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलतं, उरलेला राज्याला आणि गावाला घालावा लागतो. ठरावीक कामांवर स्वयंसेवकांनी घालवलेले तास पैशात मोजून या उरलेल्या हिश्श्यात धरता येतात. अट एकच, हजेरीपट हवा: नाव, वेळ, जागा, काय काम केलं. छायाचित्रासाठी अर्धा तास देणाऱ्या मंडळींनी वहीत सही करायला दोन मिनिटं दिली, तर एखाद्या गरीब गावाचा भार हलका होईल.

महिन्यांचा प्रश्न वेगळाच. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन या हरिकेननं नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ भाग धुऊन नेला. अ‍ॅशव्हिल शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी आलं ते १८ नोव्हेंबरला. तोवर टीव्हीवाले निघून गेले होते. घरं पुन्हा बांधायचा मोठा पैसा तर कायमच्या कुठल्या खात्यात नसतोच. दर वेळी संसदेनं तो वेगळा मंजूर करायचा, मग तो राज्याकडे, मग योजना, मग अर्ज. वर्षं जातात. भाडं आणि घराचा हप्ता दोन्ही भरणारी कुटुंबं मोडतात ती याच मधल्या काळात. हेलीननंतर ‘सरकार प्रत्येकाला फक्त ७५० डॉलर देणार’ अशी आवई उठली होती. प्रत्यक्षात ती तातडीच्या गरजेची पहिली रक्कम होती, बाकीच्या मदतीचे अर्ज वेगळे. आवईवर विसंबून किती जण रांगेतून बाहेर पडले असतील, कोण जाणे.

तेव्हा इथल्या मराठी मंडळांना माझं सांगणं आहे. तुमच्यात सीए आहेत, वकील आहेत, विम्यात काम करणारे आहेत, स्पॅनिश बोलणारी तुमची मुलं आहेत. त्यांचं एक टेबल मांडा, स्कॅनर ठेवा आणि ते पहिल्या महिन्यात नाही, तिसऱ्या महिन्यापासून चालवा. त्या वेळी नकाराची पत्रं येतात. ठेकेदार सगळी रक्कम आगाऊ मागतो, तेव्हा ‘नको देऊ’ म्हणणारं कुणी शेजारी बसलेलं असावं. जमा झालेले पैसे स्थानिक संस्थेला द्या, शक्यतो जिचे लोक वादळाआधीही त्याच गावात होते तिला.

आपल्या ज्या वाचकांची मुलं-नातवंडं मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याजवळ, फ्लोरिडात किंवा ह्यूस्टनला आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर जेवणखाण झालं की एवढं विचारावं: पुराचा विमा वेगळा काढला आहे का? सरकारी योजनेत तो काढल्यापासून लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात आणि हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत काढलेला बरा. भाड्यानं राहत असतील तरी आतल्या सामानाचा काढता येतो. पॉलिसीचा फोटो तुमच्याही फोनवर मागवून ठेवा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त हिशेब तपासनीस
ह्यूस्टन, टेक्सास