सायलेन्सर जोडून देणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी, पाटोदा तालुक्यातल्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर, आपण एका लाल, उघड्या टपाच्या गाडीचा तुटलेला सायलेन्सर जोडून दिला होता. ती गाडी मी चालवत होते आणि शेजारी माझे वडील होते. अंधार पडायच्या आत निघण्याच्या गडबडीत आपले आभार नीट मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

आमची गाडी सॅन स्टॉर्म, गोव्यात तयार झालेली, दोनच आसनांची, 1149 सीसीच्या रेनॉ इंजिनाची. बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे ती वजनाला हलकी आहे, आणि आसन जमिनीलगत असल्यामुळे पन्नासच्या वेगातही प्रत्येक वळण अंगाला कळते. म्हणूनच मोठ्या महामार्गापेक्षा आडरस्त्यावर ती चालवण्यात मला अधिक आनंद वाटतो. त्या दिवशी मांजरसुंबा मागे टाकून आम्ही सौताड्याच्या धबधब्याकडे निघालो होतो. पावसाने उघडीप दिली होती, टप मागे दुमडलेला होता, आणि वडील डोळे मिटून नुसत्या वासावरून ‘ही काढलेली बाजरी’, ‘हे भिजलेले उडदाचे भुसकट’ असे एकेक शेत ओळखत होते. त्याच तंद्रीत, एका आडवळणाच्या गावाजवळ पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक मला वेळेवर दिसला नाही. गाडीचे पोट घासले आणि सायलेन्सर रस्त्यावर फरफटू लागला.

आपल्या अंगणात तेव्हा ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या टायरगाड्या दुरुस्तीसाठी ओळीने उभ्या होत्या. ज्यांचे सहा महिन्यांचे पोट त्या गाड्यांवर अवलंबून, ते लोक रांगेत असताना आमचे काम मध्येच घेणे सोपे नव्हते. आपण त्यांच्याशी दोन शब्द बोललात आणि त्यांनीही आनंदाने वाट दिली. त्या सर्वांचेही मी आभार मानते.

गाडी उचलायला आलेल्या मुलांनी मागच्या कडेला हात घातला, तेव्हा आपण त्यांना थांबवलेत. बॉडीवर नखाने टिचकी मारून आवाज ऐकलात आणि म्हणालात, “ह्यो पत्रा न्हाई, हितं धरलं तर तडकंल. खालचं लोखंड बघून उचला.” अशी गाडी आपण पूर्वी कधी पाहिली नव्हती, हे आपणच नंतर सांगितलेत. मग बॅटरीची वायर काढलीत, पेट्रोलची नळी कुठून जाते ते हाताने चाचपून पाहिलेत, आणि ठिणग्यांनी फायबर पेटू नये म्हणून ओले गोणपाट चारपदरी करून मध्ये धरायला लावलेत. मध्येच लाईट गेली. ती येईपर्यंतचा पाऊण तास आपण वडिलांना लिंबाखाली बाजेवर बसवून चहा पाजलात.

त्या पाऊण तासात आपण मला जे शिकवलेत, त्याचे मोल जोडकामाहून अधिक आहे. माळावरच्या मुरमाड जमिनीतला रस्ता बसत नाही, पण काळ्या रानातला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि त्याच्या कडा ट्रॉल्यांच्या ओझ्याने खचतात. म्हणून शेताचा रंग बदलला की वेग उतरवायचा. गतिरोधकावर गाडी सरळ न घेता तिरपी घ्यायची, म्हणजे एकेक चाक चढते आणि पोट टेकत नाही. कच्च्या वाटेवर चाकोरीत चाक घालायचे नाही, एक बाजू मधल्या वरंब्यावर ठेवायची. ही गोष्ट तर आपण काठीने मातीत रेघा ओढून दाखवलीत. इतकी वर्षे मी गाडी चालवते आहे, पण मातीकडे पाहून रस्ता ओळखावा हे मला कोणीच सांगितले नव्हते.

आपण घेतलेत अवघे दीडशे रुपये, तेही मी हट्ट धरला म्हणून.

तो जोड अजून शाबूत आहे. परवा गाडी खालून धुताना मी त्यावर बोट फिरवून पाहिले. आपण घासून गुळगुळीत केलेली पट्टी तशीच आहे. यंदाही टोळ्या निघण्याच्या आधी, वाट वाकडी करून, आम्ही आपल्याकडे येणार आहोत. वडिलांनी आपल्यासाठी पैठणचे पेरू न्यायचे ठरवले आहे, आणि त्यांना त्याच लिंबाखाली बसायचे आहे.

आपली कृतज्ञ,
छत्रपती संभाजीनगरची लाल गाडीवाली ताई