आठ टोकांचा नर मी सोडला नाही काका, तो राहून गेला

ओ क्लेअर, विस्कॉन्सिन
३ डिसेंबर

ती. काका, नमस्कार. काकूला पण सांगा.

ग्रुपवर मी हरणाच्या शिकारीचा तो नारिंगी जॅकेटातला फोटो टाकला आणि मग काय काय झालं ते तुम्ही पाहिलंच, दादाने काळविटाचे जोक टाकले, आत्याने जीवहत्या लिहून हात जोडलेले तीन इमोजी, आणि तुम्ही फक्त एवढंच विचारलं की बेटा गुन्हा तर नाही नं हा. त्या दिवसापासून तुमचा तो मेसेज डोक्यात आहे म्हणून हे लांबलचक लिहून राहिलो, ग्रुपवर नाही, फक्त तुम्हाला. आजीला वाचून दाखवाल तर शेवटी पोट फाडायचा भाग आहे तेवढा गाळा.

तर गुन्हा नाही. आपल्याकडे ७२ चा वन्यजीव कायदा, रोही अख्खा हरभरा खाऊन गेला तरी आपण डबे बडवायचे आणि पंचनाम्याची वाट पाहायची. इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा सीझन असतो, साठेक लाखांचं राज्य आणि त्यातले पाच लाखांहून जास्त लोक रानात. पोळ्याला जसा सालगडी सापडत नाही तसा त्या आठवड्यात इथे प्लंबर सापडत नाही. लायसन २४ डॉलरचं, आणि १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, तो मी उन्हाळ्यात केला, वर्गात सगळी दहा-बारा वर्षांची पोरं आणि मागच्या बाकावर मी, टक्कल पडलेला. एका पोरीने मला विचारलं की तुम्ही कोणाचे बाबा.

आता मुद्द्याची गोष्ट. बंदुकीच्या त्या लायसनवर शिंगवाला नर एकच. एक मारला की त्या लायसनवरचा तुमचा नर संपला, मग पुढचे आठ दिवस सांबराएवढा जरी समोर येऊन उभा राहिला तरी बघत बसायचं. माद्यांचे टॅग, म्हणजे परवाने, वेगळे असतात, कुठल्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, किती ते सरकार ठरवतं. म्हणून पहिल्याच सकाळी बरा नर आला की माणसाची पंचाईत होते, घ्यावा की जाऊ द्यावा. इथे याच्यावर भाऊ भाऊ भांडतात. आमच्या प्लांटच्या कँटीनमध्ये सप्टेंबरपासून दुसरा विषय नसतो.

मी गेलो होतो आमच्या फोरमनच्या जमिनीवर, बफेलो काउंटीत, इथून तासाभरावर मिसिसिपीच्या काठाला. हिमयुगात बर्फ बाकी सगळीकडून फिरला आणि हा भाग तेवढा सुटला म्हणतात, म्हणून आजूबाजूला सपाट आणि इथे मात्र उंच उंच टेकड्या, मधे दऱ्या, खाली मका आणि सोयाबीन. हो, सोयाबीनच! आणि हरणं ते खातात, आणि शेतकरी शिव्या देतात, ऐकून एकदम वरोऱ्याच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. मोठ्या शिंगांच्या नरांसाठी ही काउंटी अमेरिकाभर नावाजलेली आहे, दुसऱ्या राज्यातले लोक इथे नुसतं शिकारीसाठी भाड्याने रान घेतात. त्यामुळे फोरमनचा स्वतःचा एक नियम आहे, सरकारचा नाही, घरचा, की तीन वर्षांच्या खालचा नर मारायचा नाही, वाढू द्यायचा. त्याचा बाप आहे अठ्ठ्याहत्तरचा, तो या नियमाला हसतो, तो मला म्हणाला शिंगं काय रश्श्यात टाकतोस का, पहिलीच शिकार आहे, जो येईल तो घे.

दोघांनी दोन सांगितलं आणि मला अंधारात झाडावर चढवून निघून गेले.

मचाण म्हणजे लोखंडी शिडी आणि वर खुर्ची, पट्ट्याने झाडाला बांधून घ्यायचं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी चालवता येते, म्हणजे पावणेसातच्या आसपास, पण आम्ही साडेपाचलाच वर. थंडीचं काय सांगू, नाकातले केस कडक होतात. अंगावर भडक नारिंगी, कारण कमरेच्या वर निम्मं तरी तसलं पाहिजे असा नियम आहे, दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये म्हणून. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्याला हालचाल दिसते आणि वास येतो. मला बसल्या बसल्या तुमचीच आठवण येत होती, जागलीला गेलो की तुम्ही मला घोंगड्यात गुंडाळून म्हणायचे, अबे हालू नको. तेव्हा हललं तर रोही पळावा हीच तर आपली इच्छा होती, मग कायले म्हणायचे हालू नको, हे मला इतक्या वर्षांनी त्या झाडावर सुचलं.

साडेसातनंतर कधीतरी तो आला. आधी वर टेकडीच्या कडेवर दिसला, मागे नुसतं आभाळ, तिथे मारायचा प्रश्नच नव्हता, गोळी पलीकडे कुठे जाईल कोण सांगणार, टार्गेटच्या मागे काय आहे ते आधी बघ हे कोर्समध्ये इतक्यांदा घोकून घेतलंय. मग तो उतरत उतरत खाली आला, थांबत, वास घेत, आणि माझ्यापासून नव्वदेक पावलांवर एका पडलेल्या ओकच्या खोडाशी आडवा उभा राहिला. एकदम बाजू देऊन. मागे टेकडीची माती. याहून चांगला चान्स मिळत नाही काका.

दुर्बिणीतून पाहिलं. आठ टोकं, इथे दोन्ही बाजूंची मिळून मोजतात. डावीकडचं कपाळाजवळचं टोक मोडलेलं, कोणाशी तरी भांडून आला असणार, कारण त्यांचा माजाचा काळ नोव्हेंबरातच असतो. मागच्या पायाला आत सांध्याजवळ काळा ओला डाग, माजावर आले की तिथे मुततात आणि घाण वास मारतो. जीभ बाहेर काढून स्वतःचं नाक चाटलं त्याने, गाय चाटते तसं, आणि तोंडातून वाफ. शिंगं कानांच्या टोकाएवढी रुंद, फार बाहेर नाही. चितळासारखी ही शिंगं दर वर्षी गळतात, इथे हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नवी येतात, त्यामुळे नुसत्या शिंगांवरून वय सांगता येत नाही, चांगलं खायला मिळालं की दोन वर्षांचाही आठ टोकं घेऊन फिरतो. फोरमनने बजावलं होतं की शिंगं बघू नको, अंग बघ. पाय लांब वाटले, पोट आत ओढलेलं, मान खांद्याला वेगळी कळत असेल तर पोरगा आहे. मान फुगून छातीतच मिसळली असेल, पाय आखूड वाटत असतील, तर मोठा.

आता तुम्ही बैल बाजारात काय करता, सरळ जबडा उघडून दोन दात की चार दात पाहता आणि मग रुमालाखाली भाव. हरणाचं वयही दाढांवरून काढतात, ते लोक जबडा चिरून दाखवतात की बघ ही दुधाची दाढ पडली म्हणून. फक्त दात बघायला आधी त्याला मारावं लागतं.

मला मान थोडी फुगलेली वाटली, पण पोट आत होतं. अडीच वर्षांचा असेल, आणि माजात खाणं सोडल्याने वाळलेला साडेतीनचा पण असेल. मी बघतोय आणि डोक्यात बाजार भरलाय, की घे, पहिलाच आहे, पुन्हा येईल कशावरून, आणि तू सोडला तरी कुंपणापलीकडचा शेजारी सोडेल का. मग दुसरं, की दुसऱ्याच्या जमिनीवर पाहुणा आहेस, नियम त्याचा आहे, वर्षभर जपलेला नर तू पहिल्या तासात पाडला तर पुढच्या वर्षी बोलावेल का. मग तिसरं, जे कँटीनमधला एकजण नेहमी सांगतो, की हरणांमध्ये तो मेंदूचा रोग आलाय, या राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला, बारीक होऊन मरतात, औषध नाही, आणि तो मोठ्या नरांमध्ये जास्त असतो, मग मोठं करून करायचं काय. प्रत्येकाचं बरोबर वाटत होतं. त्यात ओळखीचे सगळे मोठे बसलेले, फोरमन, त्याचा बाप, तुम्ही, आत्या हात जोडून.

तीन-चार मिनिटं उभा होता तो. मग मान वर केली, पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला, पांढरी शेपूट काही उभी केली नाही म्हणजे घाबरला नव्हता, आणि चालत चालत झुडपात गेला. माझा अंगठा बंदुकीच्या सेफ्टीच्या खटक्यावरच होता. सेफ्टी काढलीच नव्हती.

दुपारी खाली उतरून सांगितलं की असा असा आला होता, तर फोरमनने पाठीवर थाप मारली, म्हणाला पहिल्याच सकाळी आठ टोकांचा सोडायला जिगर लागते, माझ्या स्वतःच्या भावाला जमत नाही. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात दहा माणसांसमोर त्याने ते पुन्हा सांगितलं, लोकांनी बियरचे कॅन वर केले. म्हातारा तेवढा माझ्याकडे बघत होता, काही बोलला नाही. आणि मी पण काही बोललो नाही. आता प्लांटमध्ये मी तो माणूस झालोय ज्याने सोडला. सोडला म्हणजे ठरवून सोडला. मी ठरवलं काहीच नव्हतं काका, तो उभा राहिला, मी विचार करत राहिलो आणि तो गेला. याला सोडणं म्हणत असतील तर मग तुरीचा भाव वाढेल म्हणून थांबता थांबता पडला, त्यालाही धीर म्हणायला पाहिजे. हिला सांगितलं तर ही म्हणाली बरं झालं नं मग, विषय संपला. ग्रुपवर सांगण्यासारखं नाही. म्हणून तुम्हाला.

तुम्हाला आठवते का ती रात्र, मी आठवीत असेन, खालच्या वावरात रानडुक्कर शिरलं होतं, तुम्ही बॅटरी टाकली आणि ते थांबलं, आणि तुम्ही किती तरी वेळ उजेडात धरून ठेवलं त्याला, ना ओरडले ना फटाका लावला. मी विचारलं काय करून राहिले, तर म्हणाले पाहून घेतो त्याले. मला वाटायचं काहीतरी मोठं गणित असेल तुमचं. आता शंका येते की तुमचंही ठरत नव्हतं. खरं सांगा.

आता पुढचं, इथून आजीला वाचू नका.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवारी परत गेलो, तेच झाड. चारच्या सुमारास तीन माद्या सोयाबीनच्या कापलेल्या रानात आल्या. सगळ्यात मोठी आडवी झाली, पाठीमागे बांध, सेफ्टी काढली, मारली. साठ-सत्तर पावलं पळून पडली. किती वेळ लागला असेल, दहा सेकंद. तिच्या वेळी बाजार भरला नाही, तिचं वय बघितलं नाही, मान बघितली नाही, कोणी सांगितलंही नव्हतं बघायला. जवळ गेलो तर पापण्यांचे केस केवढे लांब होते तिचे. मला तेव्हा वाईट वाटलं ते मारल्याचं नाही, मांस आहे, इथे हरणं झालीत पण भरमसाट, माद्या कमी केल्याशिवाय ती आटोक्यात येत नाहीत हेही खरं. खटकलं ते हे की ज्याच्या डोक्यावर शिंगं त्याच्यासाठी मी तीन-चार मिनिटं पंचायत भरवली आणि हिच्यासाठी काहीच नाही. फोरमनला हे सांगायला गेलो तर त्याला मी काय बोलतोय तेच कळेना, म्हणाला अरे माद्यांचा टॅग आहे नं तुझ्याकडे.

पोट मीच फाडलं, त्याने टॉर्च धरला. हात कोपरापर्यंत आत, आणि बाहेर एवढी थंडी की आत हात ठेवून बसावं वाटलं, असं लिहायला कसंतरी वाटतं पण तसंच होतं. बोकडापेक्षा वेगळं काही नाही, यात्रेत आपण पाहिलंच आहे. मग फोनवरून सरकारकडे नोंद केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावीच लागते, आणि त्या रोगाच्या तपासणीसाठी मुंडकं थोड्या मानेसकट पिशवीत घालून रस्त्याकडेच्या पेटीत टाकलं, चिठ्ठी लावून, फुकट तपासून देतात. माणसाला तो रोग झाल्याचं अजून समोर आलेलं नाही, पण रोगी निघालं तर खाऊ नका म्हणतात. म्हणून मांस पुड्या करून फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, वर मराठीत लिहून ठेवलंय, थांबा. चरबी सगळी काढली, ती टाळूला मेणासारखी चिकटते. सावजी मसाला उरलाय थोडा, काकूने मार्चमध्ये दिलेला, तेवढा जपून ठेवलाय. बिनचरबीचं मांस आहे, मटणासारखं तासभर शिजवलं तर चामडं होईल की काय, काकूला विचारून कळवा.

फोरमन म्हणतो रानात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यात परवा रात्री तो मोडक्या टोकाचा पुन्हा दिसला, जिवंत आहे. फोटो पाठवला त्याने मला, खाली लिहिलंय तुझा नर. मी अंगठा पाठवला.

कुंपणाच्या झटका मशीनचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, पस्तीस हजार. त्याला म्हणा बॅटरी चांगली घे, मागच्या वेळची चार महिन्यांत बसली. आणि खालच्या वावरात तार कमरेएवढी एकच नको, रोही वरून उडतो आणि डुक्कर खालून जाते, दोन ओळी ओढा.

तुमचा पुतण्या