नीरोच्या हातातली फिडल

महोदय,

कुठे पूर आला, आग लागली की ‘रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता’ हे वाक्य अग्रलेखांत हमखास येते. व्हायोलिनसारखी ही फिडल तेव्हा जन्मालाही आली नव्हती! इ.स. ६४ च्या जुलैत आग भडकली तेव्हा सम्राट नीरो रोमबाहेर, अँटियम गावी होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. परतल्यावर त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्य स्वस्त केले. तो ट्रॉयच्या विनाशाचे गाणे गात बसला, ही टॅसिटसच्या लेखी अफवा. रोमन चरित्रकार सुएटोनियसने मात्र ती खरी म्हणून ठोकून दिली.

नीरो धुतल्या तांदळासारखा होता असे मुळीच नाही. सख्ख्या आईला त्याने मारवले, आगीचे खापर ख्रिश्चनांवर फोडले, जळक्या जागेवर स्वतःचा सुवर्णमहाल उठवला. तरीही त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षे कोणी ना कोणी थडग्यावर फुले वाहत होते आणि पूर्वेकडे तोतये नीरो निघत होते. (पानिपतानंतरचा आपला तोतया भाऊ आठवावा!) २०२१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने प्रदर्शन भरवून ही बाजूही मांडली.

पुढच्या अग्रलेखात त्याच्या हाती निदान सिथारा (त्या काळचे तंतुवाद्य) तरी द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली