लेव्हलच्या नळीबद्दल, काका, मनापासून आभार

प्रिय काका,
स. न. वि. वि.

आमच्या हातातला कोन फिल्टरचा (शंकूच्या आकाराच्या, उघड्या एअर फिल्टरचा) खोका तुम्ही बाजूला ठेवलात आणि आधी गवंड्याची लेव्हलची पारदर्शक पाण्याची नळी मागितलीत, त्याबद्दल हे पत्र. तोंडी आभार मानून झाले होते. पण तुम्ही सांगितलेलं लिहून काढलं तर ज्यांच्या दारात अजून स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस उभी आहे त्यांचेही पैसे वाचतील, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

गाडी सगळ्यांच्या ओळखीची. 2004 साली भारतात आलेली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडरांत मिळून 20 व्हॉल्व्ह, 150 हॉर्सपॉवर, 210 न्यूटन मीटर. व्हीआरएस म्हटलं की आपल्याकडे बँकेतली स्वेच्छानिवृत्ती आठवते, पण या गाडीला निवृत्त व्हायची मुळीच घाई नाही. तक्रार ठरलेली: डिसेंबरात पहाटे पिकअप झकास, मे महिन्यात सिग्नलवर दहा मिनिटं थांबून निघालं की गाडी ओढत नाही. त्यावर दुकानात एकच औषध मिळतं. मूळचा एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढा, चकचकीत पाईप आणि उघडा कोन लावा. आवाज मस्त येतो, हे कबूल. पण या गाडीत फिल्टरची जागा ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात आहे आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तापलेली हवा बॉनेटखाली पसरून तिथेच घुटमळते. उघडा कोन नेमकी तीच ओढतो.

तुम्ही पेन्सिलीने खोक्याच्या पाठीवर मांडलेला हिशेब आम्ही जपून ठेवला आहे. बाहेर 38 अंश, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) अर्धा बार, टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के. टर्बोत 38 अंशांची हवा गेली तर बाहेर पडताना साधारण 93 अंशांची होते. बॉनेटखालची 55 अंशांची गेली तर 113. म्हणजे तोंडाशी असलेला 17 अंशांचा फरक पलीकडे 20 होतो. पण पुढे ही दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे. तो 65 टक्के काम करतो असं धरलं तर इंजिनात शिरताना 57 आणि 64 उरतात. सात अंश, घनतेत जेमतेम दोन टक्के! ‘दोन टक्क्यांसाठी केवढा खर्च करणार?’ हा तुमचा प्रश्न तेव्हा झोंबला होता. या गाडीत ईसीयू (इंजिनचा संगणक) बूस्टचं लक्ष्य ठरवतो आणि ते गाठेपर्यंत टर्बोला पळवतो, त्यामुळे हवेची वाट मोकळी केल्याचा फायदा वरच्या हॉर्सपॉवरमध्ये फारसा दिसत नाही. तो दिसतो टर्बो लवकर भरण्यात, आणि उन्हात नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप भडकण्यामुळे) ईसीयूला इग्निशन (ठिणगीची वेळ) कमी मागे घ्यावं लागण्यात. कोन किटच्या खोक्यावर छापलेले आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं.

आता नळीबद्दल. हवेच्या वाटेवर कुठे किती दाब उतरतो ते ती दाखवते. 8 मिलिमीटरची पारदर्शक नळी, तीन मीटर. फळीवर यू आकारात बांधायची, प्रत्येक बाजू किमान 60 सेंटिमीटर उंच, निम्मी भरेल एवढं रंग टाकलेलं पाणी. एक टोक उघडं, दुसरं इनटेकच्या (इंजिनात हवा जायच्या) वाटेवर. मध्ये एक रिकामी बाटली जोडायची, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलंच तर ते बाटलीत अडकेल, टर्बोत जाणार नाही. दोन पातळ्यांमधला 10 सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास 1 किलोपास्कल. टोचे (नळी जोडायची भोकं) चार जागी: फिल्टरच्या आधी खालच्या डब्यात, फिल्टरनंतर झाकणात, एअर मास मीटरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, आणि टर्बोच्या तोंडाआधीच्या रबरी पाईपमध्ये. भोक भिंतीला काटकोनात हवं आणि आतून कड घासलेली हवी. कड वर राहिली की वेगाने जाणारी हवा खोटं वाचन देते. मोजायचं तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल, 5500 फेऱ्यांच्या आसपास, डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद रस्त्यावर. फळीवर नजर शेजारच्याने ठेवायची.

समजा चार वाचनं 14, 19, 24 आणि 33 सेंटिमीटर आली. फिल्टरने त्यातले फक्त पाच खाल्ले! सगळे जण फिल्टर बदलायला धावतात, आणि खरा अडथळा असतो जाळीमागचं चपटं तोंड आणि टर्बोआधीचा पाईप. व्यास कमी झाला की वेगामुळेही दाब उतरतो, म्हणून अरुंद जागेचं वाचन रुंद जागेशी थेट ताडून पाहायचं नाही, एकाच जागेचं आधीचं आणि नंतरचं पाहायचं, हेही तुम्हीच बजावलंत.

त्यावरून ठरलेलं काम असं. मूळचा एअर बॉक्स राहिला, कागदी फिल्टरही राहिला. आपल्याकडची धूळ पाहता तेल लावलेल्या कापडी फिल्टरची हौस नको. तेल जास्त झालं की ते एअर मास मीटरच्या तापत्या फिल्मवर बसतं आणि मीटर कमी हवा दाखवू लागतो. कागदी फिल्टर धुळीच्या रस्त्यावर 10,000 किलोमीटरला बदलावा. तो बसवताना चौकटीचं रबर एका कोपऱ्यात दुमडलं तर बारीक धूळ थेट कंप्रेसरच्या पात्यांवर जाते. म्हणून झाकण लावण्याआधी बोट चारही बाजूंनी फिरवायचं.

जाळीमागचं तोंड बंपरच्या वरच राहू दिलं. ‘खाली फॉगलॅम्पपाशी पाईप नेला तर जास्त थंड हवा मिळेल’ हा समज तुम्ही दोन वाक्यांत मोडलात: दुपारी डांबर तापलेलं असतं, त्यालगतची हवा वरच्यापेक्षा गरम, आणि पावसाळ्यात तेच तोंड पाण्यात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर शिरलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी 8 मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक असावं, आणि दर जूनआधी त्यातला पाचोळा तारेने काढावा.

तोंड ते डबा या टप्प्यात चपट्या नळीच्या आतल्या शिवणी आणि कडा पॉलिश पेपरने सपाट केल्या. दुसरी वाट म्हणून जाळीमागून डब्याच्या खालच्या भागात 63 मिलिमीटरचा गुळगुळीत पाईप दिला, लांबी शक्य तितकी कमी. कपडे वाळवायच्या यंत्राचा वळ्यांचा ॲल्युमिनियम पाईप नको म्हणालात, ते पटलं. आतल्या वळ्या हवेला धरून ठेवतात, आणि तो एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. डबा आणि इंजिन यांच्यामध्ये 1.5 मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला. वरच्या कडेला दाराच्या रबराची बीडिंग, बॉनेट बंद केल्यावर हलकी दबेल एवढी. बॉनेटच्या आतल्या बाजूला खडू फासून बॉनेट लावायचं, उघडायचं, आणि बीडिंगवर पांढरी रेघ सलग उमटली का ते पाहायचं. जिथे रेघ तुटली तिथून गरम हवा शिरते. आमच्या पत्र्यावर बिजागरीकडच्या टोकाला चार बोटं जागा कोरी राहिली होती. तुम्ही काही न बोलता नुसतं बोट ठेवलंत.

टर्बोआधीचा रबरी पाईप हा या गाडीचा खरा दुखरा भाग. क्रॅंककेसची (इंजिनच्या खालच्या पोटातली) तेलाची वाफ याच पाईपमध्ये येते, वर्षानुवर्षं ती झिरपून रबर मऊ पडतं, आणि पूर्ण थ्रॉटलला आतून ओढ लागली की ते चपटं होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. बोटांनी दाबून पाहायचं: नव्या टायरच्या बाजूसारखं लागलं तर ठीक, पिकलेल्या केळ्यासारखं लागलं तर बदला. नवीन घेताना नुसता सिलिकॉनचा चालत नाही, कारण तेल त्याच्यातून पाझरतं. आत फ्लोरोसिलिकॉनचा थर आणि भिंतीत कापडाचे पदर असलेला घ्यावा. क्लिपा घट्ट करायच्या 3 ते 4 न्यूटन मीटर, त्याच्या पुढे रबर कापलं जातं. टर्बोजवळच्या भागावर उष्णता परतवणारी टेप एक थर पुरे.

एअर मास मीटरची हाउसिंग मोठी करण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. तोच सेन्सर मोठ्या व्यासात बसवला की हवेचा वेग उतरतो, मीटर कमी वाचतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मीटरच्या तोंडाची जाळी प्रवाह सरळ करण्यासाठी असते, ती काढायची नाही. साफ करायला मास मीटरचाच स्प्रे, 10 ते 12 फवारे, मग अर्धा तास वाळू द्यायचं. कार्ब्युरेटर क्लीनर, कापूस, बोट यांतलं काहीही नको. मोजमापाचं तुमचं गणित सोपं आहे: तिसऱ्या गिअरच्या ओढीत मीटरचं वाचन ग्रॅम प्रति सेकंदात घ्यायचं, 0.8 ने भागायचं, अंदाजे हॉर्सपॉवर मिळते. 150 साठी 120 हवेत. 95 वरच अडकलं तर मीटर मळलेला आहे, वाट तुंबली आहे किंवा बूस्टच भरत नाही.

गळतीसाठी घरगुती साधन: प्लंबरच्या दुकानातली मापाची पीव्हीसी टोपी, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. मीटर काढून टोपी पाईपच्या तोंडात बसवायची, क्रॅंककेसकडे जाणारी नळी आधी बंद करायची, नाहीतर दाब ऑइल सीलवर जातो. हवा 7 ते 8 पीएसआयच्या वर नको. मग साबणाचं पाणी. ऐकूही येतं, सापासारखं. स्कॅनर असेल तर ब्लॉक (वाचनांचा गट) 032 बोलतो: आयडलचा ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती) अधिककडे सरकला तर मीटरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा शिरते आहे. टर्बोनंतर गळत असेल तर मोजलेली हवा बूस्टमध्ये बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त होतं), आणि ब्लॉक 115 मध्ये मागितलेला आणि मिळालेला दाब जुळत नाहीत. थ्रॉटल सोडल्यावर दाबलेली हवा बाहेर फुस्स करणारा व्हॉल्व्ह याच कारणाने या गाडीला सोसत नाही. मूळचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह हवा टर्बोआधी परत सोडतो, तो तसाच ठेवावा. त्याची परीक्षा मिनिटाची: पिस्टन आत दाबा, बारीक नळीचं तोंड बोटाने बंद करा, पिस्टन सोडा. तो आतच राहिला पाहिजे. हळूहळू परत आला तर डायफ्रॅम फाटला.

इंटरकूलरकडे आम्ही पाहिलंही नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकापुढे बंपरमध्ये लपलेला तो लहानसा तुकडा. बंपर उतरवला तर पंखांमध्ये चिखल, किडे, एक पिशवीचा तुकडा. मागच्या बाजूने, कमी दाबाने पाणी मारायचं. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पंख आडवे होतात. आतलं तेल उलटं करून निथळवायचं. सगळ्यात महत्त्वाचं, बंपरच्या जाळीपासून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या नाळीभोवतीची फट 10 मिलिमीटर फोमने बुजवायची, कारण हवेला सोपी वाट मिळाली की ती इंटरकूलरला वळसा घालते. चाकाच्या कमानीच्या लायनरला मागे झरोके नसतील तर आत आलेली हवा बाहेर पडायला जागाच नाही. खरं सांगायचं तर, मे महिन्याच्या तक्रारीवर सगळ्यात जास्त गुण याच कामाने आला, आणि त्यात विकत घ्यायचं काय, तर फोमची एक पट्टी.

आधी-नंतर मोजायला तुम्ही मल्टिमीटरचे दोन तापमानाचे प्रोब दिलेत, एक जाळीपुढे सावलीत, एक डब्यात फिल्टरच्या आधी. 60 च्या वेगाने पाच मिनिटं चालवल्यावर दोन्हींत 5 अंशांपेक्षा कमी फरक असेल तर डबा नीट झाकला आहे. सिग्नलवर फरक वाढणारच, त्यावर इलाज नाही. तो किती लवकर उतरतो ते पाहायचं. ब्लॉक 020 मध्ये चारही सिलिंडरांचं मागे घेतलेलं इग्निशन एकाच तापमानाला, एकाच पंपाच्या पेट्रोलवर ताडून पाहायचं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

एवढ्या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून कागदावर आभार. कोनचा खोका न फोडता परत केला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण घेतला. तुमचे प्रोब पाकिटात घालून ठेवले आहेत. लेव्हलची नळी मात्र अजून आमच्याकडेच आहे. लाल रंगाचे डाग दोनदा धुऊनही पूर्ण निघाले नाहीत, तेव्हा नवी तीन मीटर आणून देतो. जुनी आम्हाला राहू द्या.

आपले,
पुण्यातले जुने व्हीआरएसवाले